गालिचा घ्या, पण गाठ कुणी मारली ते विचारा

मंडळी, सुट्टी मंजूर झाली, तिकीट हातात आलं की कॅम्पमध्ये खरेदीची यादी सुरू होते. पोरांना चॉकलेट, भावाला अत्तर, आईला ते जाडजूड ब्लँकेट, बायकोला जमलं तर एखादा सोन्याचा दागिना. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक वस्तू आली आहे. गावाकडं घर बांधून झालेलं असतं, हॉलमध्ये टाइल्स बसलेल्या असतात, सोफा आलेला असतो, आणि मग घरून फोन येतो, "तिकडं गालिचे स्वस्त मिळतात म्हणे, येताना एक आणा."

इथं आपण नेहमी पगार, पासपोर्ट, कॉन्ट्रॅक्ट, ग्रॅच्युइटी यांबद्दल बोलतो. मग आज गालिच्याबद्दल का? मी साइटवर सुपरवायझर आहे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. गालिच्यांचा व्यापारी नाही. पण एखाद्या कामाला किती माणसं आणि किती दिवस लागले असतील याचा अंदाज बांधणं हे माझं रोजचं काम आहे. त्या नजरेनं गालिच्याकडं बघितलं की दुकानदार जे सांगत नाही ते दिसायला लागतं. आणि जे दिसतं ते आपल्या चांगल्याच ओळखीचं असतं: आगाऊ पैसे, मधला मुकादम, पीसवर्क, कापलेली मजुरी.

माझं म्हणणं सरळ आहे. हातानं विणलेला लोकरीचा गालिचा घ्यायचा असेल तर विणणाऱ्याची मजुरी निघेल अशा भावाचा घ्या, मग तो छोटा असला तरी चालेल. तेवढे पैसे नसतील तर मशीनचा घ्या, त्यात लाज कसली? पण हाताचं काम मशीनच्या भावात मागू नका. ती तूट कुणाच्या तरी मजुरीतूनच भरून काढलेली असते.

आधी ओळखायला शिका

शारजाच्या ब्लू सूकमध्ये गालिच्यांची दुकानं आहेत, दुबईत देराला आहेत, आणि स्वस्त माल तर कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये गुंडाळून उभा केलेला असतो. सगळीकडं पाटी एकच, 'पर्शियन'. पर्शियन डिझाइन असणं वेगळं आणि इराणमध्ये हातानं विणलेलं असणं वेगळं. 'पर्शियन' म्हणून विकला जाणारा बराच स्वस्त माल तुर्कस्तानातल्या गाझिआन्तेपसारख्या शहरांतल्या पॉवरलूमवर, पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यात तयार झालेला असतो. तो वाईट असतो असं नाही. फक्त तो हातविणीचा नसतो आणि लोकरीचाही नसतो.

ढोबळ मानानं तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, हातानं गाठी मारलेला, ज्याला दुकानात हँड नॉटेड म्हणतात. मागावर उभे धागे ताणलेले असतात. विणकर लोकरीचा एकेक तुकडा त्या उभ्या धाग्यांभोवती गुंतवून गाठ मारतो आणि छुरीनं कापतो. एक ओळ झाली की आडवा धागा घालून पंजानं ठोकून बसवतो. मग पुढची ओळ.

दुसरा, हँड टफ्टेड. यात ताणलेल्या कापडावर बंदुकीसारख्या यंत्रानं लोकर टोचत जातात, गाठ मारतच नाहीत. लोकर निघू नये म्हणून मागं लॅटेक्सचा डिंक लावतात आणि त्यावर कापड चिकटवतात. कारागीर त्यातही राबतो, पण महिन्यांचं काम दिवसांत होतं आणि काही वर्षांनी डिंक सुकून भुगा व्हायला लागतो. गंमत अशी की हाही 'हँडमेड' म्हणूनच विकला जातो. तसं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे.

तिसरा, मशीनचा.

फरक कळायला गालिचा उलटा करा. सुपरवायझर भिंतीचा प्लास्टर बघतो तो समोरून नाही, बाजूनं टॉर्च मारून बघतो. तसंच हे. हातविणीच्या गालिच्याचं डिझाइन मागच्या बाजूलाही स्पष्ट दिसतं आणि एकेक गाठ मोजता येते. ओळी थोड्या वाकड्या असतात, गाठी अगदी एकसारख्या नसतात. मागं कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. पाठ छापल्यासारखी एकसारखी असेल तर मशीन. दोन्ही टोकांच्या दशा बघा. हातविणीत त्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतात, गालिच्याच्या आतून आलेली. मशीनच्या मालात त्या बहुतेक वेळा वरून शिवलेल्या असतात.

लोकर आहे की प्लॅस्टिक, हे बघायला दुकानदाराला विचारून कडेचा एखादा सुटा तंतू घ्या आणि बाहेर जाऊन लायटरनं जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांत चुरडते. प्लॅस्टिकचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. आणि 'आर्ट सिल्क' असं लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. त्यातलं आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल.

आता टाइमशीट मांडू

पाच बाय आठ फुटांचा गालिचा घ्या. म्हणजे साठ इंच गुणिले शहाण्णव इंच, ५,७६० चौरस इंच. मागच्या बाजूला पट्टी ठेवून एका इंचात आडव्या आठ आणि उभ्या आठ गाठी मोजल्या, तर एका चौरस इंचात ६४ गाठी. ही काही फार बारीक वीण नाही, साधारण कामच म्हणायचं. एकूण गाठी झाल्या ३,६८,६४०.

सरावलेला विणकर दिवसभरात सहा ते दहा हजार गाठी मारतो. आपण आठ हजार धरू. म्हणजे ४६ माणूस-दिवस. यात लोकर कातणं, रंगवणं, माग भरणं, शेवटी धुणं, कातरून सारखं करणं काहीच धरलेलं नाही. वीण जरा बारीक, चौरस इंचाला शंभर गाठी असेल तर हेच ७२ दिवस होतात.

आता दुकानदार म्हणतो, "भाई, हँडमेड, प्युअर वुल, फक्त चारशे दिरहम." चारशे भागिले ४६. दिवसाला नऊ दिरहमसुद्धा पडत नाहीत. आणि त्या नऊमधून लोकर, रंग, ठेकेदार, निर्यातदार, जहाज, दुकानाचं भाडं आणि दुकानदाराचा नफा निघायचा आहे. मग विणणाऱ्याच्या हातात काय राहिलं? दोनच शक्यता आहेत. एक, तो हातविणीचा नाहीच, आपल्याला फसवलं जातंय. दोन, तो हातविणीचा आहे आणि फसवणूक दुसऱ्या कुणाची तरी आधीच झालेली आहे.

उलट्या बाजूनं बघू. विणकराला दिवसाला पाचशे रुपये मिळाले असं धरा. फार नाहीत, आपल्या गावात गवंड्याच्या हाताखालचा माणूसही आज तेवढ्यात मिळेलच असं नाही. ४६ दिवसांचे झाले २३,००० रुपये. दिरहमला २३ रुपये धरले तर हजार दिरहम, फक्त गाठींची मजुरी. बाकीचा खर्च आणि नफा धरला तर असा नवा गालिचा दोन हजार दिरहमच्या खाली सचोटीनं कसा विकता येईल हे मला तरी कळत नाही.

दोन बाय तीनचा छोटा गालिचा मात्र याच हिशेबानं सात दिवसांत होतो. म्हणजे मजुरी साधारण दीडशे दिरहम, आणि दुकानात तीनशे-चारशेला तो सचोटीचा असू शकतो. देवघरासमोर आसन म्हणून, आजीच्या खाटेशेजारी पायाखाली म्हणून तो पुरतो. आणखी एक फायदा, विमानात नेता येतो. पाच बाय आठचा लोकरी गालिचा पंधरा-वीस किलो भरू शकतो, आणि आपल्या तिकिटावर सामान किती नेऊ देतात ते तुम्हाला माहीत आहे.

पेशगी, उचल आणि एजंटचं कर्ज

आपल्या देशात गालिच्याचा सगळ्यात मोठा पट्टा उत्तर प्रदेशात भदोही आणि मिर्झापूर भागात आहे. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. माल मोठ्या कारखान्यात एका छताखाली तयार होतो असं समजू नका. निर्यातदार ऑर्डर घेतो, ती ठेकेदाराला देतो, ठेकेदार गावोगावच्या मागवाल्यांना देतो, मागवाला विणकरांना बसवतो. मजुरी क्षेत्रफळावर. माप कमी भरलं, डाग पडला, कड वाकडी आली की कापणी. वाचताना ओळखीचं वाटतंय ना? मेन कॉन्ट्रॅक्टर, सबकॉन्ट्रॅक्टर, त्याच्याखाली मॅनपॉवर सप्लायवाला आणि सगळ्यात खाली आपण.

आमच्या गँगमध्ये मिर्झापूरकडचा एक स्टील फिक्सर होता. लहानपणी मागावर बसलेला. बाइंडिंग वायरची गाठ तो इतक्या झटक्यात मारायचा की बाकीचे बघत राहायचे. एकदा सुपरमार्केटमध्ये गालिच्यांसमोर उभा राहून त्यानं दोन-तीन उलटे करून बघितले आणि हसून म्हणाला, "साहब, इसमें गाँठ ही नहीं है." माग का सोडलास विचारल्यावर त्यानं सांगितलं की मागावर डोळे आणि पाठ जाते, लोकरीची धूळ छातीत जाते, आणि एवढं करून शहरात विटा उचलणाऱ्याला जास्त मिळतं. ज्याच्या हातात कला आहे त्यालाच ती सोडून सळई बांधायला परदेशात यावं लागतं.

त्याच्या भागात आगाऊ रकमेला पेशगी म्हणतात. लग्न, आजारपण, पावसाळ्यात घराचं छप्पर, काहीतरी अडतं आणि मागवाल्याकडून पैसे घेतले जातात. मग ते फिटेपर्यंत त्याच्याच मागावर बसायचं. आपल्याकडं ऊसतोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून घेतो ती उचल म्हणजे दुसरं काय? आणि आपण? व्हिसासाठी सावकाराकडं जमीन गहाण ठेवून आलेले किती जण आहेत आपल्यात? नियमाप्रमाणे भारतातल्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. इथं अमिरातीत तर भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं कामगार कायदा सांगतो. तरी कॅम्पमध्ये विचारून बघा, किती जण तीस हजारांत आले. आधी कर्ज आणि मग काम, अशी सुरुवात झाली की माणूस भाव करू शकत नाही, पगार थकला तरी सोडून जाऊ शकत नाही. मागावर असो, फडात असो की साइटवर असो.

या पेशगीची सगळ्यात वाईट बाजू म्हणजे ती मुलांवर येते. पाकिस्तानातला इक्बाल मसीह तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. घरच्यांनी घेतलेल्या सहाशे रुपयांच्या कर्जापोटी त्याला अगदी लहानपणी गालिच्याच्या मागावर बसवलं होतं. तो तिथून सुटला, इतर मुलांना सोडवण्यासाठी जगभर बोलला, आणि १९९५ मध्ये त्याला गोळी घालून मारलं. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. काही लोक अजून सांगतात की लहान बोटांनी गाठ बारीक बसते म्हणून मुलं लागतात. खोटं आहे ते. बारीक काम अनुभवी माणसाच्या हातूनच होतं. मुलं बसवतात कारण ती स्वस्त पडतात आणि उलट बोलत नाहीत.

कायदा आहे, पण तो आपण वापरायचा

वेठबिगारी संपवणारा कायदा आपल्या देशात १९७६ पासून आहे. त्यानुसार वेठीपोटीचं कर्ज रद्दच होतं. बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. शाळेनंतर कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करण्यासारखी सूट मात्र ठेवली आहे, आणि गालिच्याचे माग तर घराघरातच असतात. पळवाट कुठून काढली जाते ते तुम्हीच ओळखा.

आणि एक निकाल आपण बांधकामवाल्यांनी तोंडपाठ ठेवावा असा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मिळत होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच आहे. पोटाच्या गरजेपोटी माणूस 'राजी' झाला म्हणजे ते काम मर्जीचं ठरत नाही. बांधकाम मजुरांसाठी दिलेला हा निकाल भारतातल्या विणकरालाही तेवढाच लागू पडतो. आपली आणि त्याची लढाई कागदावर कधीच एक झालेली आहे, आपण फक्त तशी वागणूक ठेवायची.

"आम्हीच गरीब, आम्हाला कशाला सांगता?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. महिन्याला हजार-बाराशे दिरहम मिळवणाऱ्यानं घरी पाठवायचं, मेसचं भरायचं, वर विणकराची काळजी करायची? श्रीमंतांनी करावं की हे सगळं.

श्रीमंतांनी करायलाच हवं. पण ते आपल्यासाठी करतात का? आपण ज्या टॉवरचे स्लॅब टाकले त्यात फ्लॅट घेणारा माणूस मार्बल कुठला, लिफ्ट कुठली, पार्किंग किती, सगळं विचारतो. जूनच्या उन्हात शटरिंग लावणाऱ्याचा पगार वेळेवर झाला होता का, हे तो विचारत नाही. त्यानं ते विचारावं अशी आपली मागणी आहे ना? मग खरेदीदार म्हणून आपली पाळी आली की तोच प्रश्न आपल्याही तोंडून निघायला हवा. मजुराचं दुखणं मजुराला दुसऱ्यानं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, मी कुणाला जास्त खर्च करा असं सांगतच नाही. वरचा हिशेब बघा. चारशे दिरहमला मोठा 'हँडमेड' घेणारा माणूस बहुतेक वेळा फसतो. त्याच चारशेत खरा छोटा मिळतो, किंवा दीडशेत मशीनचा मोठा मिळतो आणि अडीचशे वाचतात. सचोटीनं घेणं आणि न फसणं या खरेदीत एकच आहे.

तिसरी गोष्ट, काही जण उलट टोकाला जातात. गालिच्यात एवढं पाप असेल तर घ्यायलाच नको. हेही बरोबर नाही. माल विकला गेला नाही तर विणकराचा माग बंद पडतो, पेशगी तशीच राहते. आपल्या साइटवर पगार थकला म्हणून साइटच बंद करा असं आपण कधी म्हणतो का? काम राहू दे, दाम पुरते द्या, एवढंच आपलं म्हणणं असतं. त्याचंही तेवढंच आहे.

लेबलवर किती विश्वास ठेवायचा

गालिच्यात बालमजुरी आणि वेठबिगारी नाही हे तपासून लेबल देणारी एक व्यवस्था आहे. १९९४ मध्ये ती रगमार्क नावानं सुरू झाली. तिच्यामागं कैलाश सत्यार्थी होते, ज्यांना पुढं २०१४ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. २००९ पासून तिचं नाव गुडवीव्ह आहे. गालिच्याच्या मागं लेबल असतं आणि प्रत्येक लेबलवर स्वतंत्र नंबर असतो. तपासनीस आगाऊ न कळवता मागांवर जातात.

वूलमार्क हे वेगळं आहे. ते लोकरीच्या शुद्धतेबद्दल बोलतं, विणणाऱ्याबद्दल काहीच बोलत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

लेबल म्हणजे देववाणी नव्हे. ऑडिटच्या आदल्या दिवशी साइटवर नवे ग्लोव्ह्ज कसे वाटले जातात ते मी बघितलेलं आहे, तुम्हीही बघितलेलं असेल. पण नंबर असलेलं लेबल म्हणजे निदान कुणालातरी जाब विचारण्याची एक जागा. लेबलच नसेल तर ती जागाही नाही. आणि 'बालमजुरी नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. मूल शाळेत गेलं, पण बापाला किमान वेतन मिळालं नाही, तर ते मूल पुन्हा मागावर यायला किती वेळ लागतो?

लेबल नसेल तर दुकानात पाच गोष्टी विचारा. कुठल्या गावात विणला? नॉटेड की टफ्टेड? पूर्ण लोकर की मिक्स, आणि उभा धागा कशाचा? माल ठेकेदाराकडून घेता की थेट विणकरांकडून? मजुरी कशी देतात, गाठीवर, फुटावर की रोजावर? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही चांगल्या दुकानदाराला यायलाच हवीत. शेवटच्या दोनांवर तो वैतागेल. वैतागू दे. महिन्यात दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं तर तोही आपल्या पुरवठादाराला विचारायला लागेल.

आणि ठरलं की बिलावर लिहून घ्या: हँड नॉटेड, शंभर टक्के लोकर, अमुक देशातला. तोंडी सांगितलेल्या पगाराचं काय होतं ते आपण भोगलंय. कॉन्ट्रॅक्टची कॉपी जपून ठेवा असं आपण एकमेकांना सांगतो, तसंच हे बिल.

घरी नेल्यावर

एवढ्या दिवसांच्या मेहनतीची वस्तू दोन पावसाळ्यांत वाया गेली तर सगळं फुकट. म्हणून घरच्यांना हे नीट समजावून सांगा.

नव्या गालिच्यातून सुरुवातीचे काही महिने लोकरीचा भुसा निघतो. घाबरू नका, तो थांबतो. एखादा धागा वर आला तर ओढू नका, कात्रीनं लव्हेबरोबर कापा. ओढला तर गाठ सुटते.

ओल्या जमिनीवर टाकू नका. सारवलेली जमीन असो की शहाबादी फरशी, पावसाळ्यात ओल वर येते आणि मागून गालिचा कुजतो. खाली जुनी सुती सतरंजी टाका. कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर गुंडाळूनच ठेवलेला बरा. घडी कधीच घालू नका, घडीवर उभे धागे तुटतात. सुती चादरीत किंवा जुन्या लुगड्यात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये घालाल तर आत घाम धरतो.

लोकरीचा खरा वैरी म्हणजे कसर. ती अंधारात, न हलवलेल्या जागी लागते, पलंगाखाली, कपाटामागं. ठेवण्याआधी स्वच्छ झाडून, दोन्ही बाजूंनी तास-दोन तास ऊन दाखवा. कडुलिंबाचा सुकलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नका. पावसाळ्यातही उघडीप मिळाली की एकदा उलगडून बघा. दिवसचे दिवस मात्र कडक उन्हात टाकू नका, रंग उडतो. वापरात असेल तर सहा महिन्यांनी फिरवून टाका, म्हणजे एकाच बाजूला झिजत नाही.

चहा सांडला तर लगेच स्वच्छ पांढऱ्या फडक्यानं टिपा. घासू नका. मग थोडं थंड पाणी आणि पुन्हा टिपा. आधी कोपऱ्यात ओलं फडकं दाबून रंग सुटतो का ते बघा. कपड्याचा सोडा, गरम पाणी आणि ब्लीच वर्ज्य. ब्लीचनं लोकर अक्षरशः विरघळते. दोरीवर टांगून बांबूनं बडवायचंही नाही. उलटा टाकून मागून हातानं हलकं थापटा, धूळ खाली पडते, मग झाडून घ्या.

आणि गावातली घोंगडी?

शेवटी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण परदेशातून लोकरीचा गालिचा नेतो, आणि आपल्याच सातारा-सांगली-सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात सणगरांचे माग एकेक करून बंद पडतात. दख्खनी मेंढीची काळी लोकर, रंग न लावलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली घोंगडी, आणि जमिनीवर अंथरायचं जाड जेन, हे आपल्या मातीतलं हातविणीचं लोकरकाम आहे. त्यात नक्षी नाही, मऊपणा नाही, अंगाला टोचतंही. पण ते टिकतं. आज लोकरीला भाव नाही म्हणून कातरलेली लोकर टाकून देणारे मेंढपाळ आहेत. सणगरांची पोरं पुणे-मुंबईला गेली, काही इथवर आली.

हॉलसाठी गालिचाच हवा असेल तर जरूर न्या. पण सुट्टीत एक दिवस काढून जवळच्या मागावर जाता आलं तर जा. तिथं लेबल लागत नाही, ठेकेदार लागत नाही. जो विणतो तोच समोर बसलेला असतो. किती दिवस लागले ते त्यालाच विचारा, आणि मनातल्या मनात त्याचा रोज काढा. तो तुमच्या रोजापेक्षा फारच कमी निघाला तर घासाघीस करू नका.

जुन्या काळात येरवड्याच्या आणि आग्र्याच्या तुरुंगांतसुद्धा गालिचे विणले जायचे. आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला एक प्रचंड गालिचा व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या राजवाड्यात गेला. बघणारे त्याची तारीफ करतात. पण गालिचा कितीही सुंदर असला तरी विणणारा कोणत्या हालात होता हे त्यावर दिसत नाही. आपण बांधलेल्या इमारतींवरही दिसत नाही. म्हणूनच विचारावं लागतं. या सुट्टीत दुकानात शिराल तेव्हा गालिचा उलटा करा, इंचभर गाठी मोजा, मोबाइलवर हिशेब करा आणि मग भाव करा. भाव जरूर करा, फक्त तो दुकानदाराच्या नफ्यातून निघतोय की विणकराच्या रोजातून, एवढं बघा.